गॅरेजची खोली केली: प्लायच्या जमिनीला पाच स्टार, कार्पेटला तीन

पार्ल्यात आमच्या जुन्या घराचं गॅरेज, ९ बाय १६ फूट, गाडी विकल्यापासून नुसती अडगळ होती, तिथे पोरीला अभ्यासाची खोली करायची म्हणून जवळच्याच एका फ्लोरिंगवाल्याला काम दिलं. सुतार म्हणजे सोनं! आल्याआल्या कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवला आणि म्हणाला उद्या बघू. दुसऱ्या दिवशी आतून थेंब धरलेले. मुंबईचा पावसाळा, ओल येणारच, पण आधी बोलावलेल्या दोघांनी हे बघितलंसुद्धा नव्हतं, डायरेक्ट कार्पेट टाकायला निघाले होते. मग वॉटरप्रूफिंग, चांगलं वाळू दिलं, त्यावर जाड प्लास्टिक. गॅरेजला शटरकडे ढाळ असतोच, तो पाण्याच्या नळीने लेव्हल काढून रिपांखाली (प्लायला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांखाली) पाचर मारून काढला. वर १८ एमएमचं प्लाय, ७१० चा (म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का मी स्वतः बघितला, भिंतीपाशी थोडी फट सोडली, प्लाय फुगतं म्हणून. आता उड्या मारा, करकर नाही.

कार्पेटवाली टीम मात्र वेगळी, आणि तिथेच माती खाल्ली. रोल १२ फूट रुंद, खोली ९ फूट, तर जॉइंट यायचं कारणच काय? पण उरलेले तुकडे खपवायचे ना, भर दारात जॉइंट आणला, महिन्याभरात दोरे सुटले. भांडल्यावर बदलून दिलं, पैसे नाही घेतले, म्हणून तीन, नाहीतर एकच देणार होते.