सभागृहाचं सभासदत्व, वर्ष होत आलं: गाणं झकास, रॅम्पची किल्ली बेपत्ता

दर, आसनं, एसी, ऑनलाइन बुकिंग हे सगळं बेळगावकरांना तोंडपाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. सभागृहाचं नावही लिहीत नाही. भांडण अजून मिटलेलं नाही आणि तिथली दोन-तीन माणसं खरंच चांगली आहेत. मला लिहायचंय ते मुख्यतः एका किल्लीबद्दल. ज्यांना गाणं कसं ऐकू येतं एवढंच पाहिजे, त्यांनी पुढचा परिच्छेद वाचून थांबलं तरी चालेल.

गाणं उत्तम ऐकू येतं. मागच्या भिंतीला लाकडी पट्ट्या आणि जाड कापड लावलंय, त्यामुळे आवाज परत येऊन आदळत नाही. शेवटच्या रांगेतसुद्धा तबल्याचा डग्गा वेगळा आणि तबला वेगळा कळतो. मंगल कार्यालयात सतरंजीवर बसून, पत्र्याखाली घुमणारं गाणं ऐकलेल्या आपल्यासारख्यांना ही चैनच. साउंडवर बसणारा पोरगा शहाणा आहे. गायकानं मान वर करायच्या आत त्याचा हात बटणावर गेलेला असतो. एसीची घरघर तेवढी आहे. पेटीच्या काळ्या पट्ट्यांच्या हिशेबात अक्काचं म्हणणं, "बाई काळी चारला गातायत, एसी काळी एकला. जुगलबंदी चाललीय की!" निदान आलापात एसी बारीक करा म्हणून चिठ्ठी पाठवली होती. मे महिन्यात कुणी ऐकलं नाही, थंडीत ऐकलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला, आता बाहेर जायचं तर व्हीलचेअर. घरी पोरांना हार्मोनियम आणि गाणं शिकवते. गाण्यातलं तिला कळतं, मला खर्चातलं. मी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मशीन शॉपला आहे, आणि दोघांच्या सभासदत्वात माझा एका महिन्याचा ओव्हरटाइम गेला. दोघांच्या म्हणजे पूर्ण दोन. सोबत येणाऱ्याला सवलत नाही. माणसाला एकट्यानं आत जाता येऊ नये अशी व्यवस्था यांनीच करून ठेवायची आणि मग सोबत्याचे पैसेही यांनीच घ्यायचे!

आता रॅम्प. मुख्य दाराला तीन पायऱ्या आहेत, रॅम्प बाजूच्या दाराला. मी टेप लावून मोजला, धंद्याची सवय. उंची दीड फूट, लांबी अठरा फुटांहून थोडी जास्तच. म्हणजे फुटाला बारा फूट, नियमात एकास बारा म्हणतात तो उतार. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना स्टीलचा कठडा, तोही दोन उंचींवर. ज्यानं कुणी केला त्यानं मन लावून केलाय. नाहीतर आपल्याकडचे बाकीचे रॅम्प बघा, स्कूटर आत घ्यायला केल्यासारखे. तर असा हा रॅम्प चढून गेलं की वर रुंद दार, आणि दाराला कुलूप. पितळी, चांगलं मोठं, पावसात गंजू नये म्हणून वर दुधाची पिशवी बांधलेलं. कुलपाची एवढी काळजी बघून मला खरंच भरून आलं.

वॉचमनला विचारलं की उत्तर ठरलेलं, "कीली म्यानेजर कडे ऐत्री." म्यानेजर कुठे? स्टेजवर. स्टेजवर काय? सत्कार. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की आधी दीप, मग शाल, श्रीफळ, फेटा, मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार. चंदगड-खानापूरकडून आलेली माणसं शेवटच्या एसटीच्या काळजीनं घड्याळ बघत असतात आणि आम्ही बाहेर रॅम्पवर किल्लीच्या काळजीनं. म्यानेजरसाहेब फेटा सावरत येईपर्यंत आत निम्मा ख्याल झालेला असायचा.

तेवढ्यात मदतीला माणसं धावायची, कारण आपली माणसं चांगली आहेत. "उचलूया की, त्यात काय!" चौघेजण खुर्चीला हात घालणार. एकदा एकानं हात टेकायची दांडी धरून जोर लावला. ती दांडी क्लिपवर बसवलेली असते, निघायलाच केलेली. ती त्याच्या हातात आली आणि अक्का एका अंगाला कलंडली. मी धरली म्हणून बरं. तेव्हापासून कुणी पुढं आलं की ती आधीच सांगते, "मला उचलू नका, किल्ली उचला."

कुलूप का, तर कारणंही ऐकली. विनातिकीट पोरं त्या दारानं शिरतात. रॅम्पवर लोक मोटारसायकली लावतात. दार उघडं राहिलं की एसी बाहेर जातो. तिन्ही खरी असतील. पण मुख्य दारानंही विनातिकीट माणसं शिरतातच, म्हणून तिथं तिकीट तपासणारा उभा केलाय, कुलूप नाही घातलं.

शेवटी अर्ज दिला. मराठीत दिला तर इकडून तिकडे फिरेल म्हणून शेजारच्या हेगडे सरांकडून कन्नडमध्ये लिहून घेतला. पहिलं उत्तर तोंडी मिळालं: इमारत जुनी आहे, हे नियम नव्या इमारतींना. ते ऐकून माझं डोकं फिरलं, कारण तोवर मी कायदा वाचून ठेवला होता. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात कलम 44 नव्या इमारतींसाठी आणि 45 जुन्यांसाठी. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या. नियम जून 2017 मध्ये निघाले, मुदत जून 2022 मध्ये संपली. 'आमची खासगी मालमत्ता' हेही चालत नाही. लोक जिथं येतात-जातात ती खासगी इमारतसुद्धा या कायद्यात सार्वजनिकच, आणि सांस्कृतिक कार्यक्रमांचा तर त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. राजीव रतुरी यांच्या खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं आणखी खडसावलं की या सोयींचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून भागणार नाही, सक्तीचे करा. हे सगळं मी म्यानेजरना ऐकवलं. ते म्हणाले, "सर, तुम्ही वकील काय?" म्हटलं, लेथवर असतो.

इथंपर्यंतचा अनुभव लिहून ठेवला होता आणि पाचपैकी दोन तारे द्यायचं ठरवलं होतं. पण नंतर गोष्टी बदलल्या, त्याही लिहायला पाहिजेत.

अर्जानंतर पंधरवड्याच्या आत फोन आला. किल्ली आता तिकीट खिडकीवर राहील, मागायची, लगेच मिळेल. रॅम्पवर चकचकीत फरशी होती, बेळगावच्या पावसात तिच्यावरून खुर्ची घसरायची. तिथं खरखरीत काळ्या पट्ट्या चिकटवल्या. दिव्यांगांच्या टॉयलेटमध्ये जुने बॅनर, पाण्याचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या भरून ठेवल्या होत्या, त्या काढल्या. (दार अजून आत उघडतं, म्हणजे खुर्ची आत नेली की दार लागत नाही. बिजागऱ्या उलट्या बाजूला बसवायच्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. असो.) पुढच्या कार्यक्रमाला खिडकीवर किल्ली मागितली, मिळाली, दार उघडलं, आणि अक्का गायक स्वर लावायच्या आत आपल्या जागेवर. मी दोनाचे चार तारे करून टाकले.

मग श्रावणातला कार्यक्रम. पाऊस असा की ऑटो मिळेना. मिळाला तो घडीची खुर्ची बघून दुप्पट मागायला लागला, त्यात वेळ गेला. पोचलो तर कार्यक्रम सुरू, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर तिकीट खिडकी बंद होते. किल्ली आत खिळ्याला लटकलेली, काचेतून दिसत होती. तिला लाल प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर स्केच पेननं सुबक अक्षरांत 'रॅम्प' लिहिलेलं, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. तिन्ही भाषांत वाचून झालं, हाती काही आलं नाही. त्या दिवशी पुन्हा चौघांनी उचललं.

आता कुलूप गेलंय, आतून कडी आहे आणि दारापाशी एक कॉलेजचा पोरगा बसतो. हे उत्तम चालतं, पण फक्त सभागृहाच्या स्वतःच्या कार्यक्रमांना. बाहेरच्या मंडळानं हॉल भाड्यानं घेतला की दारावरची माणसं त्यांची. त्यांना तो दरवाजा म्हणजे सामान आत घ्यायचा दरवाजा, आणि सामान आलं की परत कुलूप. तेव्हा भाड्याच्या कार्यक्रमाला जाणार असाल तर आयोजकालाच आधी फोन करा. हॉलच्या भाडेपावतीवर एक ओळ छापली तर हे मिटेल, 'बाजूचं दार कार्यक्रम संपेपर्यंत उघडं ठेवणे'. हे मी सुचवून झालंय.

बसायच्या जागेबद्दल. सुरुवातीला व्हीलचेअरची जागा अगदी पुढं उजव्या कोपऱ्यात होती, स्पीकरच्या पायथ्याशी. तिथं बसून गाणं नाही, नुसता स्पीकर ऐकू येतो. बाकी खुर्च्या जमिनीला बोल्टनं पक्क्या. मी म्हटलं, सहाव्या रांगेच्या टोकाच्या दोन काढा, सतराचा पाना द्या, मीच काढतो. नाही म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात त्यांनीच काढल्या. आता ती हॉलमधली सगळ्यात चांगली जागा आहे. एवढी चांगली की सत्काराला आलेले पाहुणे तिथं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि त्यांना उठवावं लागतं.

थोडं वेगळं, पण यातच येतं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर कानात मशीन घालून येतात. त्यांना लांबवलेला सूर थरथरत ऐकू यायचा, बासरी तर शिट्टीसारखी. त्यांनी सभागृहाला दोष दिला, मीही सुरात सूर मिसळला. ऐकायच्या मशीनवाल्यानं खरं कारण सांगितलं: ही मशीनं बोलणं कळावं म्हणून लावलेली असतात. मशीन स्वतः शिट्टी मारायला लागलं की ते दाबायची सोय आत असते, आणि लांब, सरळ सूर लागला की मशीनला तीही आपलीच शिट्टी वाटते. त्यानं गाण्यासाठी वेगळी सेटिंग करून दिली, आता मास्तर खूश. तरी सभागृहानं कानाच्या मशीनला थेट आवाज देणारी तारेची लूप बसवायला हरकत नाही. जमिनीखालून तार फिरवतात, मशीन 'टी'वर ठेवलं की माईकचा आवाज सरळ कानात, एसीची घरघर मध्ये येत नाही. आपल्याकडे निम्मे श्रोते साठीपुढचे. मागणी लेखी दिलीय, उत्तर नाही.

आणि स्टेज. रॅम्प श्रोत्यांना आहे, स्टेजला नाही. विंगेतून अरुंद लाकडी पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. एका बैठकीला साथीला अंध तबलावादक होते. शिष्यानं हात धरून वर नेलं, पायरी मोजत, आणि खाली पब्लिक टाळ्या वाजवत होतं. मला त्या टाळ्यांचा राग आला. गदग इथून काय लांब आहे? तिथल्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यामागे पुट्टराज गवई, दोघंही दृष्टिहीन, यांनी किती पोरांना गाणं-वाजवणं शिकवून उभं केलं. पुट्टराज गवयांना 2010 मध्ये पद्मभूषण मिळालं. गायक पं. वेंकटेश कुमार त्याच आश्रमात शिकले. अशा मुलखात सभागृह बांधणाऱ्याच्या डोक्यात वर चढणारा कलाकार डोळसच असणार आणि पायानं धडच असणार, हे कुठून येतं? अक्कानं तिथं पोरांचा कार्यक्रम करायचा म्हणून चौकशी केली. "मॅडम, तुम्ही खाली बसून पेटी वाजवा, माईक देतो." ती काही बोलली नाही, चेक मात्र पर्समध्ये परत ठेवला. एका कठड्याचा खर्च किती? दोन इंची पाइप, चार पाय, वेल्डिंग धरून. मी उद्यमबागेतल्या दरानं कोटेशन काढून दिलंय. स्टेजच्या रॅम्पला जागा कमी आहे हे मान्य, पण हलवता येणारा लोखंडी फोल्डिंगचा रॅम्पही येतो, मागवला की आणतात.

खाण्यापिण्याचं सांगायचं तर बाहेरचं पाणी आत नेऊ देत नाहीत, पण अक्काच्या गोळ्या आहेत म्हटल्यावर बाटली सोडतात. मध्यंतराचा चहा महाग आणि पांचट. समोरच्या टपरीवरचा प्या.

सध्याचे तारे साडेतीन. साउंडचा एक पूर्ण, सहाव्या रांगेतल्या जागेचा एक, अर्जानंतर त्यांनी स्वतःहून फोन केल्याचा एक, आणि कॉलेजच्या पोराचा अर्धा, कारण तो भाड्याच्या कार्यक्रमाला नसतो. सभासदत्वाच्या नूतनीकरणाची मुदत या महिन्याअखेर आहे. अक्का म्हणते, "भर की, गाणं कुठं मिळतंय असं?" मी तिचे पैसे भरलेत. माझे अजून भरलेले नाहीत. सोबत्याला निम्मा दर करा म्हणून दुसरा अर्ज दिलाय, हेगडे सरांनीच लिहिलाय. तुमच्या घरीही कुणाला सोबत घेऊन जावं लागत असेल तर असाच अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.