उन्हाने भाजलेल्या कातडीवर काय लावलं: मोजणीच्या एका हंगामानंतरचा अनुभव

मी रस्त्यांच्या मोजणीचं काम करते. या वर्षी फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत जालना आणि बीड जिल्ह्यांतल्या साईटवर होते. आमच्याकडे छत्री असते, पण ती टोटल स्टेशनसाठी, म्हणजे अंतरं आणि कोन मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्रासाठी. यंत्राला एका बाजूने ऊन लागलं की लेव्हल सरकते आणि रीडिंग बिघडतं, म्हणून सावली यंत्राला द्यायची आणि आपण उन्हात उभं राहायचं, असा या कामाचा रिवाजच आहे. दुर्बिणीला डोळा लावला की मान पुढे झुकते. मानेचा मागचा भाग, कानांच्या वरच्या कडा, नाकाचा शेंडा आणि स्क्रू फिरवणारे हातांचे पंजे या जागा हंगामभर पुन्हा पुन्हा भाजतात. त्यांच्यावर काय काय लावलं, कशाने खरंच बरं वाटलं आणि कशावर पुन्हा पैसे घालणार नाही, ते सविस्तर लिहिते. उन्हात काम करणाऱ्यांना, त्यातही बायकांना, याबद्दल नीट सांगणारं कुणी भेटत नाही. मेडिकलमध्ये विचारलं की बोलणं थेट गोरं होण्यावर जातं.

सावळ्या माणसाला ऊन लागत नाही, असं साईटवर सगळेच म्हणतात. लागतं. ते लालभडक दिसत नाही एवढंच. आपल्याला ते हाताने कळतं: मानेवर तळहात ठेवला की ताप आल्यासारखी गरम लागते, ओढणीची शिवण टोचते, अंघोळीचं कोमट पाणी कढत वाटतं. दोन दिवसांनी तो भाग तांबूस-काळा पडतो आणि मग कातडी सुटायला लागते. मेलॅनिनमुळे, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्यामुळे, आपल्याला संरक्षण जास्त मिळतं हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये भर दुपारी इथला अतिनील निर्देशांक ११च्या वर जातो आणि ११पासून पुढची पातळी अतितीव्र धरतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात जालन्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. अशा उन्हात पाच-सहा तास उभं राहिल्यावर रंगाचा आधार पुरत नाही. शिवाय भाजणं हवेच्या उष्म्यावर अवलंबून नसतं. ते काम अतिनील किरणांचं, मुख्यतः त्यांतल्या यूव्हीबी या प्रकाराचं. फेब्रुवारीत गार वारा सुटलेला असताना माझ्या मानेला जे लागलं, ते मेमधल्याइतकंच झोंबत होतं.

आता मुद्द्याचं. ऊन लागल्यावर साधारण तीन ते सहा तासांनी आग सुरू होते, १२ ते २४ तासांत ती सगळ्यात वाढते, तिसऱ्या दिवसापर्यंत उतरते आणि त्यानंतर पापुद्रे निघू लागतात. म्हणजे संध्याकाळी रूमवर परतताना जेवढी आग आहे, त्यापेक्षा रात्री जास्त होणार हे धरूनच चालायचं. जेल, लोशन, क्रीम, तूप यांतलं प्रत्येक एका टप्प्यावर कामाचं आहे आणि दुसऱ्या टप्प्यावर त्रासाचं, असं माझं मत या हंगामात पक्कं झालं. एकाच जेलला एक जण पाच तारे देतो आणि दुसरा एक, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दोघांनी ते वेगवेगळ्या दिवशी लावलेलं असतं.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यात जास्त उपयोग पाण्याचा झाला. सुती पंचा साध्या गार पाण्यात भिजवायचा, हलका पिळायचा, चार पदरी घडी करून मानेवर ठेवायचा. गरम झाला की उलटा करायचा, मग पुन्हा भिजवायचा. दहा-पंधरा मिनिटं असं केलं की कातडीतली धग जाते, आणि झोपेपर्यंत दोन-तीनदा केलं की रात्र निभते. बर्फ थेट लावू नका, भाजलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. त्या जागेवर साबण नको, घासणी तर नकोच. पोटातही पाणी भरपूर जायला हवं. मी रात्री पातळ ताक मीठ घालून पिते. आग आणि सूज फारच असेल तर पहिल्याच दिवशी आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने थोडा उतार पडतो, पण पोटाचा किंवा किडनीचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा दिवसभर पाणीच पोटात गेलं नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

त्यावर कोरफड जेल. मी बाजारातली वेगवेगळी जेल वापरली आणि घरची कोरफडही. बाजारातल्या जेलचा हिरवा रंग पाहून घेऊ नका. पान सोलून पाहा, आतला गर पाण्यासारखा रंगहीन असतो. बाटलीच्या मागे लिहिलेली यादी वाचायची: पहिल्या दोन-चार नावांत अल्कोहोल असेल किंवा कुठेही सुगंध असेल तर ती बाटली भाजलेल्या कातडीसाठी नाही. अल्कोहोलवालं जेल लावताक्षणी गारेगार वाटतं, कारण ते झटकन उडून जातं, आणि अर्ध्या तासात कातडी आधीपेक्षा जास्त ताणते. बिनवासाचं साधं जेल चांगलं. आम्ही ते माठावरच्या ओल्या गोणपाटात खोचून ठेवायचो, फ्रीजची गरज पडली नाही. घरची कोरफड वापरणार असाल तर पान कापून कापलेली बाजू खाली करून थोडा वेळ उभं ठेवा. सालीखालून पिवळा चीक गळतो, त्याने कातडीला खाज सुटते. तो पूर्ण गळू द्या, पान धुवा, मग फक्त काचेसारखा गर घ्या आणि आधी कोपरावर लावून पाहा. कोरफडीला माझ्याकडून गुण पूर्ण, पण फक्त पहिल्या रात्रीपुरते. तिने धग कमी होते, कातडीत ओल टिकत नाही. जेल सुकायच्या आत त्यावर मॉइश्चरायझर लागलंच पाहिजे.

कॅलामाइन लोशनबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. आमच्या चेनमन काकांच्या, म्हणजे मोजणीतल्या मदतनीसांच्या, पिशवीत ती गुलाबी बाटली कायम असते. झिंक ऑक्साइडमध्ये थोडं आयर्न ऑक्साइड, म्हणून तो रंग. घामोळ्याला आणि किड्याच्या चाव्याला मी तेच लावते, खाज थांबवायला ते उत्तम आहे. पण ताज्या भाजलेल्या मानेवर ते वाळून पांढुरकी पूड होते आणि मान वळवली की त्या पुडीखालची कातडी तडकल्यासारखी होते. पापुद्रे निघायच्या आधी जी आतून खाज सुटते, त्या एक-दोन दिवसांत मी ते थोडंसं लावते. बाटली हलवायला विसरू नका, औषध तळाशी बसतं. कातडी फाटलेली किंवा ओलसर असेल तिथे अजिबात नको.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तालुक्याच्या एका मेडिकलमध्ये मी कॅलामाइन मागायला गेले. माझे हात बघून दुकानदार म्हणाले, "ताई, हे राहू द्या. ही ट्यूब लावा, दोन दिवसांत आग जाईल आणि रंगपण उजळेल." ट्यूब हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन. मी विचारलं, "दादा, यात स्टेरॉइड आहे ना? चिठ्ठीशिवाय देता?" ते म्हणाले, "सगळेच नेतात की." सगळेच नेतात हे खरं आहे, आणि म्हणूनच एवढं लिहिते. मोमेटासोन हे ताकदवान स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतो, नको तिथे लव वाढते, आणि बंद केलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. ट्रेटिनोइनने कातडी उन्हाला आणखी नाजूक होते. म्हणजे आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हातच उभे राहणार आणि हातावर हे. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं अनुसूची एचमध्ये घातली, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ गरजेप्रमाणे स्टेरॉइड देतात, ते थोड्या दिवसांसाठी आणि देखरेखीखाली. दुकानातून "उजळ होईल" म्हणून मिळणारी ट्यूब ही वेगळी गोष्ट आहे. नावात 'सोन' किंवा 'सॉल' असं काही दिसलं, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, तर खाली ठेवा. बधिर करणारी, '-केन' शेवटाची मलमंही भाजलेल्या जागी टाळा, काहींना त्यांची ॲलर्जी उठते.

ज्या एका गोष्टीवर मी पैसे घालत राहीन ती म्हणजे बिनवासाचं सिरॅमाइडवालं क्रीम. सिरॅमाइड हे आपल्या कातडीच्या वरच्या थरातच असतात, कुडाच्या भिंतीवरच्या लिंपणासारखे. ऊन लागून तो थर फुटला की आतलं पाणी उडून जातं. क्रीम कातडी ओलसर असतानाच लावायचं. पंचा काढला, टिपलं, पुसून कोरडं केलं नाही, आणि लगेच क्रीम. हा एक बदल केला आणि हातांच्या पंजांवरच्या बारीक भेगा थांबल्या. ज्या दिवशी आग जास्त, त्या दिवशी पातळ लोशन. तिसऱ्या दिवसापासून घट्ट क्रीम. पाच टक्के डेक्सपॅन्थेनॉलचं, म्हणजे कातडी भरून यायला मदत करणाऱ्या औषधाचं, क्रीम कानांच्या कडांवर लावलं, तिथे खपली धरते आणि उशीला घासते. त्या जागेसाठी ते सिरॅमाइडपेक्षाही बरं वाटलं. बाकी अंगाला लावायला ते महाग पडतं.

पेट्रोलियम जेली आणि तेलकट मलमं पहिल्या दिवशी नकोत, धग आत कोंडते. कातडी सुटायला लागली की मात्र चालतात, आणि इथे माझ्या आत्याचं शतधौत घृत फार कामाला आलं. तांब्याच्या परातीत गाईचं साजूक तूप घ्यायचं, थोडं गार पाणी घालायचं आणि तळहाताने गोल गोल घोटायचं. पाणी ओतून टाकायचं, नवीन घालायचं, असं शंभर वेळा. पिवळं दाणेदार तूप हळूहळू पांढरं होतं आणि शेवटी लोण्याहून मऊ, हलकं मलम बनतं, तुपाचा वास जवळजवळ जातो. आत्या अर्धा दिवस त्यात घालवते. नाकावर आणि हातावर कातडी सोलवटायला लागल्यावर रात्री याचा पातळ हात फिरवला की सकाळी पापुद्रे आपोआप मऊ पडलेले असतात. ते ओढू नका, लोंबणारा तुकडा लहान कात्रीने कापा. ताज्या आगीवर मात्र मी ते लावत नाही, आणि आत्याला हे मान्य नाही. तिच्या मते ते आगीसाठीच आहे.

लिंबू, बेसन, हळद याबद्दल एवढंच: काळपटपणा घालवायला कुणी लिंबू चोळायला सांगितलं तर ऐकू नका. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि पुढे महिनोन् महिने गडद डाग राहतात. टूथपेस्टही नको. आणि कातडी पूर्ण भरेपर्यंत रेटिनॉल, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, व्हिटॅमिन सीचं सीरम, सगळं बंद.

सनस्क्रीनबद्दल वेगळं लिहायला हवं, पण एक हिशेब इथेच सांगते. डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो तो आकडा, चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा-मान आणि दोन्ही हात धरले तर प्रत्येक वेळी जवळपास तीन चहाचे चमचे लागतात. ५० ग्रॅमची ट्यूब तीन-चार वेळांतच संपते, आणि घाम येणाऱ्या माणसाने तर दर दोन तासांनी लावायचं. आमच्या पगारात ते बसत नाही. म्हणून मी चेहरा, कान आणि पंजांपुरतं सनस्क्रीन ठेवलं आणि बाकीचं काम कापडावर सोपवलं: घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवर झालर असलेली टोपी. पातळ पांढऱ्या सुती कापडातून ऊन आत येतं, घामाने भिजलं की आणखी येतं. घाम डोळ्यांत उतरून झोंबत असेल तर कपाळावर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन वापरून पाहा, आपल्या रंगावर ते पांढरट दिसतं पण झोंबत नाही.

एका सहकाऱ्याचे हात आमच्या सगळ्यांपेक्षा वाईट भाजले होते. तो पुरळासाठी डॉक्सिसायक्लिन घेत होता. या गोळीने कातडी उन्हाला फार हळवी होते. रक्तदाबावरच्या हायड्रोक्लोरोथायझाइडनेही तसं होऊ शकतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण डॉक्टरांना आपलं काम उन्हातलं आहे हे सांगायलाच हवं. मोठे फोड, थंडी वाजून ताप, उलट्या, चक्कर, बरळणं यांतलं काही दिसलं तर क्रीम शोधत बसू नका, दवाखाना गाठा. बारीक फोड फोडू नका.

काळपटपणाचं विचाराल तर तो अजून पूर्ण गेलेला नाही. पावसाळ्यात डाग फिके करायला पाच टक्के नायसिनामाइड लावायला सुरू केलं, पंजे हळूहळू एकसारखे दिसू लागलेत, मानेवर फरक कमी आहे. आठवड्यात उजळवणारं काहीही मी यापुढे घेणार नाही. दिवाळीनंतर पुढचं काम निघतंय, त्यासाठी सिरॅमाइड क्रीमचा मोठा पंपवाला डबा मागवला आहे आणि डेक्सपॅन्थेनॉलच्या दोन ट्यूब, एक चेनमन काकांसाठी. त्यांच्या कानाच्या कडेवरची खपली बरेच आठवडे भरत नाहीये. क्रीम देईन, पण त्याआधी त्यांना जालन्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.