नागपुरातील पेंटिंग गॅरेजसाठी स्प्रे गन: पारंपरिक, एचव्हीएलपी की एलव्हीएलपी?

नागपुरात वाडी, हिंगणा किंवा कामठी रोडच्या परिसरात डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज चालवणाऱ्या आणि नव्या स्प्रे गनच्या विचारात असलेल्या मालकासमोर साधारणपणे तीन पर्याय असतात: जास्त दाबाने फवारणारी पारंपरिक गन, भरपूर हवा पण कमी दाब वापरणारी एचव्हीएलपी, आणि थोड्या हवेवर कमी दाबाने चालणारी एलव्हीएलपी. दुकानात बोलणे किंमत आणि नोझलच्या मापापाशी थांबते. पण गनमुळे हवेत किती रंग उडतो आणि त्याबद्दल नियम काय सांगतात, हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे, कारण उडालेला रंगही मालकाने पैसे मोजूनच घेतलेला असतो.

आधी नियमांचे पाहू, कारण येथेच बराच गोंधळ आहे. आपल्याकडील १९८१ चा हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम कोणत्या गनने फवारा मारावा हे सांगत नाही. तो उद्योग सुरू करण्यापूर्वी आणि चालवण्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मागतो आणि धूर, कण व वायू मर्यादेत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत वाहनांची सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि रंगकाम नारिंगी, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या, गटात होते. या याद्यांत फेरबदल होत असल्याने अर्ज करताना चालू यादीच पाहावी. सिव्हिल लाइन्समधील उद्योग भवनात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आहे. संमतिपत्रावर येणाऱ्या अटी बहुधा बंदिस्त जागा, हवा ओढणारा पंखा, चिमणी आणि कचऱ्याची विल्हेवाट यांविषयी असतात. म्हणजे महागडी गन घेतली म्हणून उघड्या अंगणात, फार तर एक पडदा लावून केलेले रंगकाम नियमात बसत नाही.

अमेरिकेची पद्धत याच्या उलट आहे. तेथील पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये छोट्या रंगकाम केंद्रांसाठी केलेल्या नियमात गनचे प्रकारच ठरवून दिले आहेत: एचव्हीएलपी, इलेक्ट्रोस्टॅटिक, एअरलेस, हवेच्या साहाय्याने चालणारी एअरलेस, किंवा यांच्या तोडीची असल्याचे सिद्ध झालेली गन. बूथच्या, म्हणजे रंगकामाच्या बंदिस्त खोलीच्या, फिल्टरने उडालेल्या रंगापैकी ९८ टक्के अडवलाच पाहिजे आणि पेंटरचे प्रशिक्षण दर पाच वर्षांनी नव्याने झाले पाहिजे, अशाही अटी आहेत. हा नियम प्रामुख्याने क्रोमियम, शिसे, मँगनीज, निकेल आणि कॅडमियम या पाच धातूंसाठी आहे. युरोपीय संघाने तिसरा मार्ग निवडला. २००४ च्या निर्देशानुसार २००७ पासून वाहन दुरुस्तीच्या रंगातील द्रावकावरच, म्हणजे थिनरसारख्या उडून जाणाऱ्या द्रवावरच, मर्यादा आली: वापरण्यास तयार केलेल्या टॉपकोटसाठी (वरचा थर) लिटरमागे ४२० ग्रॅम, तर प्रायमरसाठी (खालचा थर) ५४० ग्रॅम. एकाने गनला हात घातला, दुसऱ्याने डब्याला, आणि आपल्याकडे भर जागेच्या बंदोबस्तावर राहिला. नागपूरच्या मालकाला परदेशातील या अटी लागू नाहीत, परंतु गनच्या पेटीवर छापलेले दावे त्यांच्याच भाषेत असतात, म्हणून त्या समजून घेतलेल्या बऱ्या.

आता गनकडे वळू. पारंपरिक गन ४०-५० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाबाने रंगाचे अतिशय बारीक थेंब करते, त्यामुळे फिनिश सुंदर येते आणि हात भराभर चालतो. मात्र जोराची हवा पॅनेलवर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर, आदळून परत फिरताना रंगही सोबत नेते. साधारणपणे तीस टक्क्यांच्या आसपासच रंग पॅनेलवर बसतो. एचव्हीएलपीमध्ये एअर कॅपपाशी, म्हणजे गनच्या तोंडावरील टोपीपाशी, दाब १० पीएसआयपेक्षा, म्हणजे सुमारे ०.७ बारपेक्षा, जास्त नसतो, आणि नीट चालवली तर ६५ टक्के किंवा त्याहून अधिक रंग बसतो. हिशेब करून पाहू. एक लिटर रंगातील घन भाग पॅनेलवर बसवायचा असेल, तर पहिल्या गनमधून सुमारे ३.३ लिटर आणि दुसरीतून सुमारे १.५ लिटर रंग सोडावा लागेल. तयार रंगात लिटरमागे ६०० ग्रॅम द्रावक धरला, तर हवेत जाणारी वाफ पहिल्या वेळी सुमारे २ किलो आणि दुसऱ्या वेळी ९०० ग्रॅमच्या थोडी वर.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. गन वाफेला अडवत नाही. गनमधून निघालेल्या प्रत्येक थेंबातील थिनर, मग तो थेंब पॅनेलवर बसो की उडून जावो, शेवटी हवेतच जातो. एचव्हीएलपीचा फायदा एवढाच की मुळात कमी रंग लागतो. हीच गोष्ट फिल्टरची. काचतंतूचा फिल्टर कण पकडतो, टोल्युइन किंवा झायलीनची वाफ त्यातून आरपार जाते. ती अडवायला सक्रिय कोळशाचा थर लागतो. ही वाफ आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत नागपूरचा समावेश आहे, आणि ऊन कसे असते हे येथे सांगण्याची गरज नाही.

एचव्हीएलपीची खरी अडचण कंप्रेसरची आहे. या गनला मिनिटाला दहा ते पंधरा घनफूट हवा लागते, आणि दोन अश्वशक्तीचा छोटा कंप्रेसर एवढी हवा सतत देऊ शकत नाही. मग अर्धे बॉनेट होता होता हवेचा दाब कमी होतो, थेंब मोठे होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. पेंटर गनला दोष देतो, दाब वाढवतो, आणि एचव्हीएलपीची पारंपरिक गन होऊन बसते. पाच अश्वशक्तीचा कंप्रेसर, मोठी टाकी, दहा मिलिमीटर आतील व्यासाचा होज आणि पावसाळ्यासाठी चांगला पाणी-विलगक, एवढी तयारी असेल तरच ही गन घ्यावी. हातही बदलावा लागतो: पॅनेलपासून अंतर १५ ते २० सेंटिमीटर आणि चाल थोडी संथ.

एलव्हीएलपी तीन ते सहा घनफुटांवर भागते, त्यामुळे छोट्या कंप्रेसरवरही चालते आणि रंगाची बचतही चांगली करते. पण तिचा फवारा कमी रुंद आणि रंगाचा प्रवाह मंद असल्याने पूर्ण गाडी किंवा बसचा पत्रा रंगवायला वेळ लागतो, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना पहिली पट्टी सुकते तरी शेजारची पट्टी ओली पडलेली नसते. उन्हाळ्यासाठीचे संथ थिनर वापरले तर हे काही अंशी सांभाळता येते. बंपर, आरसे, एखादा दरवाजा अशा टचिंगच्या कामाला मात्र ती उत्तम आहे.

बूथबाबत माझा कल कोरड्या फिल्टरकडे आहे. पाण्याच्या पडद्याचा बूथ कण चांगले पकडतो, पण त्यातून गाळ आणि सांडपाणी अशा दोन डोकेदुख्या तयार होतात, शिवाय उन्हाळ्यात पाणीही लागते. कोरड्या बूथमध्ये फिल्टरच्या दोन्ही बाजूंमधील दाब दाखवणारे मापक लावून घ्यावे, म्हणजे फिल्टर कधी बदलायचा हे अंदाजावर राहत नाही. रंगाचा गाळ आणि वापरलेले द्रावक २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात. ते नाल्यात किंवा भंगारवाल्याकडे जाता कामा नयेत. बुटीबोरीत यासाठी सामायिक विल्हेवाट केंद्र असल्याने आपल्या भागात केंद्र लांब असल्याचे कारण सांगता येणार नाही.

पाण्यावर आधारित बेसकोटने (रंगछटेचा थर) वाफ बरीच घटते, पण त्याला आतून गंजरोधक गन आणि सुकवण्यासाठी जोराचा हवेचा झोत लागतो, आणि वरचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) बहुधा द्रावकाचाच राहतो. छोट्या गॅरेजने हा खर्च सर्वांत शेवटी करावा. त्याऐवजी क्रोमेट (क्रोमियमचे संयुग) नसलेला प्रायमर घेणे स्वस्त पडते. रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा २०१६ चा नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे, त्यामुळे गाडीच्या रंगाच्या डब्याबाबत सुरक्षा माहितीपत्रक मागून पाहावेच लागते. हार्डनर (रंग कडक करणारा घटक) असलेल्या रंगात आयसोसायनेट असते आणि त्यामुळे पेंटरला दमा जडू शकतो. कापडी रुमाल किंवा साधा मास्क येथे उपयोगाचा नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा.

महिन्याला बऱ्याच पूर्ण गाड्या रंगत असतील, तर पैसा या क्रमाने लावावा: बंदिस्त बूथ, मोठा कंप्रेसर, मग एचव्हीएलपी. केवळ टचिंगचे काम असेल आणि कंप्रेसर लहानच ठेवायचा असेल, तर एलव्हीएलपी, मात्र फिल्टर असलेल्या छोट्या प्रेप-जागेसह (रंगकामाच्या तयारीची जागा). पारंपरिक गन बूथमध्ये प्रायमरपुरती बाजूला ठेवली तरी चालेल, पण नवी घेऊ नये. खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे तीन आकडे लेखी मागावेत: एअर कॅपपाशी दाब किती, मिनिटाला हवा किती, आणि रंग बसण्याचे प्रमाण कोणत्या चाचणीने मोजले.