दाढ गेली आणि आतडं आधीच रुसलेलं: इम्प्लांट, ब्रिज, कवळी की रिकामी जागा?

गेल्या वर्षी कार्तिकात माझी खालची उजवी मोठी दाढ काढावी लागली. रूट कॅनाल आधीच झालेलं होतं, पण मूळ उभं तडकलं होतं. दाताच्या डॉक्टरांनी कापूस चावायला दिला आणि त्याच दमात म्हणाले, "ताई, तीन महिन्यांनी इम्प्लांट बसवून टाकू." तोंडात कापूस, त्यामुळे मी गप्प. बोलायचं एवढंच होतं की मला बारा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज आणि जखमा, आहे, आणि "तीन महिन्यांनी" काय असेल हे माझं आतडं मला आधी सांगत नाही.

आमच्या घरात असे दोघं आहेत. सुदामा नगरात राहणारे माझे धाकटे दीर क्रोन्सचे, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या एका आजाराचे, रोगी. लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसतो आणि वाढप्याची पाठ वळली की पानावरची सेव बाजूला सारतो. इंदूरमध्ये सेव नको म्हणणं हा जवळपास सामाजिक गुन्हा आहे. भावजींची दाढ माझ्या तीन वर्षं आधी गेली, आणि त्यांनी माझ्यापेक्षा वेगळा रस्ता धरला. दोघांचे निर्णय बरोबर होते असं मला वाटतं.

दाताच्या दवाखान्यात मिळणारी तुलना बहुधा टिकाऊपणा आणि किंमत यांची असते. आपल्यासारख्यांनी प्रत्येक पर्यायाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: काम अर्धवट असताना आतडं उठलं, तर या दाताचं काय होईल?

त्याआधी आपला आजार नेमका कोणता, हे पक्कं हवं. "पोटाचा जुना त्रास" या एकाच पोत्यात लोक सगळं कोंबतात. आयबीएस, म्हणजे चिडकं आतडं, त्रास पुष्कळ देतं. पण त्यात आतड्याला सूज किंवा जखमा नसतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही लागत नाहीत. नुसतं आयबीएस असेल तर हाड भरण्याच्या दृष्टीने तुम्ही इतरांसारखेच; तुमचा प्रश्न गोळ्यांचा आणि खुर्चीवर बसण्याचा. कोलायटिसची सूज मोठ्या आतड्यापुरती असते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येऊ शकतो, आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडला की बी-१२ नीट शोषलं जात नाही. इम्प्लांटच्या बाबतीत क्रोन्सचा उल्लेख वेगळा होतो: बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या अभ्यासांत क्रोन्सच्या रोग्यांमध्ये इम्प्लांट सुरुवातीलाच न धरण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. त्यांत क्रोन्सचे रोगी मोजकेच होते, म्हणून त्यावरून कुणी "तुम्हाला इम्प्लांट चालणारच नाही" म्हणालं तर ते मानू नका. पण भावजींच्या दाताच्या डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक होती, आणि मला ते आवडलं.

इम्प्लांट

टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात, हाड त्याला धरतं, मग वर कॅप येते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघेनासं झालं, त्यातून हे शास्त्र उभं राहिलं. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. आज धडधाकट माणसांत १० वर्षांनी शंभरातले साधारण ९५ इम्प्लांट जागेवर असतात. शेजारच्या दातांना हात लागत नाही आणि चावण्याचा जोर जवळपास स्वतःच्या दाढेसारखा मिळतो.

आपली अडचण "हाड त्याला धरतं" या तीन शब्दांत आहे. खालच्या जबड्यात त्याला साधारण तीन महिने लागतात, वरच्यात चार ते सहा. दाढ काढल्यावर खड्डा भरायचे तीन-चार महिने धरले, हाड कमी असेल तर ते घालण्याचे आणखी काही, की सगळं प्रकरण सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत जातं. एवढ्या काळात किती जणांचं आतडं शांत राहतं? माझ्या बारा वर्षांत असं सलग वर्ष मला चारदाच मिळालं आहे.

फ्लेअर आला, म्हणजे शांत असलेला आजार पुन्हा उसळला, की स्टिरॉइड येतं. प्रेडनिसोलोन दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा अधिक चाललं, की प्रतिकारशक्ती दबलेली धरतात. जखम उशिरा भरते, साखर चढते, आणि वर्षानुवर्षं घेतलं तर हाड विरळ होतं. स्क्रू बसवायच्या आधी फ्लेअर आला तर काही बिघडत नाही, तारीख पुढे जाते. बसवल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत आला तर काळजीचं. कॅप बसून वर्ष झाल्यावर आला तर बहुधा निभावतं, पण हिरडीची स्वच्छता सांभाळावीच लागते, कारण इम्प्लांटभोवतीच्या हिरडीलाही सूज येते आणि ती हाड खाते.

बाकी औषधांचं थोडक्यात. आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनवर असाल तर फारशी अडचण नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं अॅझाथायोप्रिन घेत असाल तर आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या. इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं चालू असतील तर दोन डोसांमध्ये शस्त्रक्रिया कुठे बसवायची ते पोटाच्या डॉक्टरांनी ठरवावं. आपल्या मनाने डोस चुकवला तर दातासाठी आतडं पणाला लावल्यासारखं होईल. स्टिरॉइडही एकाएकी बंद करायचं नसतं. आणि एक प्रश्न दाताच्या डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही होऊन सांगा: हाडं विरळ झाली म्हणून तुम्हाला वर्षाला एकदा झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी मिळाली आहे का? या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरतं, आणि तो धोका दात काढताना किंवा स्क्रू बसवताना वाढतो. शिरेतून घेतलेलं औषध असेल तर हिशेब आणखी सावधपणे करावा लागतो.

पँटोप्राझोलसारख्या अॅसिडिटीच्या गोळ्यांचंही नाव काही अभ्यासांत आलं आहे: त्या रोज घेणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. गोळी हेच कारण, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण आपल्यापैकी कित्येकांची ही गोळी कधीतरी सुरू झालेली असते आणि ती थांबवावी का हे कुणी पुन्हा पाहिलेलंच नसतं. ते विचारायला हे निमित्त चांगलं आहे.

ब्रिज

दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे आणि तीन कॅपांचा एक पूल त्यांवर बसवायचा. दोन-तीन आठवड्यांत काम संपतं. हाडात काही करायचं नसतं, म्हणून औषधांची भीती सगळ्यात कमी. मध्येच आतडं उठलं तर तात्पुरती कॅप लावून महिनाभर थांबता येतं.

वाईट एवढंच की घासलेला दात परत येत नाही. शेजारचे दात अगदी निरोगी असतील तर मला हा व्यवहार महाग वाटतो. त्यांच्यावर आधीच मोठं सिमेंट किंवा कॅप असेल तर तोच स्वस्त. दहा-पंधरा वर्षांनी ब्रिज बदलावा लागतो, आणि त्याच्या खाली कीड लागली तर एका दाढेच्या जागी दोनांचं दुखणं होतं. पुलाखालून दोरा फिरवून साफ करण्याचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका.

भावजींनी ब्रिजच घेतला. त्यांच्या पुढच्या दाढेवर जुनी कॅप होती, मागच्या दाढेत मोठं सिमेंट होतं, आणि त्यांचा क्रोन्स एकदा शस्त्रक्रियेपर्यंत गेलेला. लहान आतड्यात एके ठिकाणी वाट अरुंद आहे. असं अरुंदपण असलं की मक्याचे दाणे, मटाराची सालं, संत्र्याचा चोथा न चावता गिळणं धोक्याचं. ते अडकून पोट तट्ट फुगतं आणि रात्री दवाखाना गाठावा लागतो. चावणं ही त्यांच्यासाठी चवीची बाब राहिलेली नाही. त्यांना दाढ तीन आठवड्यांत हवी होती, वर्षाने नव्हे. भुट्ट्याचा कीस मात्र ते तेव्हाही खात होते आणि आताही खातात, थोडाच, कारण तो आधीच किसलेला असतो.

कवळी

काढ-घाल करायची एका-दोन दातांची कवळी आजीची वस्तू म्हणून लोक नाकारतात. मी तिला कमी लेखत नाही. ती उलटवता येते: न हाड कापलं, न दात घासला. आतडं खवळलेलं असताना यापेक्षा सुरक्षित काही नाही. चावण्याचा जोर मात्र खूपच कमी, आणि आपल्यातल्या अनेकांना फ्लेअरच्या दिवसांत तोंडात छाले येतात. त्यांवर अॅक्रिलिकची कड घासली की कवळी डबीतच राहते. स्टिरॉइड चालू असताना कवळीखाली बुरशीही लवकर धरते. रात्री ती काढून पाण्यात ठेवायची, यात सवलत नाही. धातूच्या सांगाड्याची कवळी पातळ असते आणि कमी हलते. जास्त दिवस वापरायची असेल तर ती पाहा.

रिकामी जागा

हा पर्याय दवाखान्यात सहसा उच्चारला जात नाही. सगळ्यात मागची दाढ गेली असेल आणि पुढचे दात, उपदाढांसह, वरखाली नीट जुळत असतील तर माणसाचं ठीक चालतं. नेदरलँड्सच्या कायसर यांनी १९८१ साली अशा आखूड दंतपंक्तीची कल्पना मांडली, आणि साधारण वीस दात जुळत असले की बहुतेकांचं खाणं भागतं असं ती सांगते. माझी डावीकडची वरची शेवटची दाढ सहा वर्षांपूर्वी गेली आहे. तिथे मी काहीही केलेलं नाही, करणारही नाही. मधली दाढ गेली असेल तर मात्र शेजारचा दात हळूहळू त्या जागेत कलतो आणि समोरचा लांबतो. तिथे "बघू पुढे" म्हणत पाच वर्षं घालवली तर पुढचं कामच अवघड होतं.

गोळ्यांची चिठ्ठी

पर्याय कोणताही निवडा, खरा धोका बऱ्याचदा त्या चिठ्ठीत असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, जिभेवर विरघळणारी केटोरोलॅक: दाताच्या दुखण्यावर आपल्याकडे हीच सर्रास लिहिली जातात, आणि हीच काहींचं आतडं भडकवतात. जोडगोळ्यांमध्ये ती पॅरासिटामॉलबरोबर लपलेली असतात, म्हणून पत्त्यामागची बारीक अक्षरं वाचा. मला एका दवाखान्यात, कोलायटिस लिहून दिलेला असतानाही, अशीच जोडगोळी मिळाली. दोन दिवसांत रक्त दिसलं, आणि त्या फ्लेअरने माघ-फाल्गुन खाल्ला. नुसतं पॅरासिटामॉल आणि बर्फाचा शेक यांवर मी आता दाढ काढण्याइतकं दुखणं काढू शकते.

अँटिबायोटिकचंही तसंच. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजतो, आपल्या रोग्यांत तो जास्त आढळतो, आणि त्याचे जुलाब फ्लेअरसारखेच दिसतात. क्लिंडामायसिनची या बाबतीत विशेष बदनामी आहे. इम्प्लांटआधी अॅमॉक्सिसिलिनचा एकच मोठा डोस देण्यामागे आधार आहे. त्यानंतर पाच-सात दिवसांचा कोर्स मिळाला तर "कशासाठी?" असं नम्रपणे विचारा. आणि अँटिबायोटिकनंतर जुलाब लागले तर आपणच स्टिरॉइड वाढवू नका, आधी शौचाची तपासणी करा.

खुर्ची, पैसा आणि तारखा

इम्प्लांटची बैठक तासभराची, तोंड उघडं, चेहऱ्यावर कापड. सकाळी नऊची वेळ माझ्या कामाची नाही; सकाळ माझ्या आतड्याची असते. मी दुपारी तीनची वेळ मागते, दुपारी साधा भात खाऊन जाते आणि हात वर केला की थांबायचं असं आधीच ठरवते. लाज वाटायची. आता रिसेप्शनवरच विचारते, बाथरूम कुठे आहे.

मला सांगितलेले भाव असे होते: कॅपसकट इम्प्लांट ३२ ते ४५ हजार, तीन युनिटचा ब्रिज १२ ते २४, धातूची कवळी नऊच्या आसपास, साधी कवळी अडीच. आरोग्यविम्यात अपघात सोडला तर दातांचं सहसा बसत नाही. एम.वाय. हॉस्पिटलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात खर्च बराच कमी होतो, पण फेऱ्या वाढतात. ज्यांना घरापासून लांब जायचं म्हटलं की पोटात कालवतं, त्यांनी फेऱ्यांचीही किंमत धरावी.

माझं शेवटी असं झालं. फाल्गुनात स्टिरॉइड चालू असताना मी अडीच हजारांची कवळी घेतली, शेजारचा दात कलू नये म्हणून. वैशाखात स्टिरॉइड संपलं. मग दोन महिने काहीच केलं नाही. आषाढात कॅलप्रोटेक्टिनचा, म्हणजे आतड्याची सूज दाखवणाऱ्या शौचाच्या तपासणीचा, अहवाल शांत आला, ड जीवनसत्त्व तपासलं, कमी होतं, ते भरून काढलं. पोटाच्या डॉक्टरांकडून चार ओळींची चिठ्ठी घेतली: कोणती औषधं चालू, कोणत्या गोळ्या वर्ज्य, गरज पडल्यास फोन. शेजारचे दोन्ही दात कोरे होते, ते घासायला माझा जीव होईना. भाद्रपदात गणपती उठल्यावर स्क्रू बसला. वर्ष चांगलं नसतं तर मी अजून कवळीवरच असते, आणि त्यात मला काही उणं वाटलं नसतं.

आता मार्गशीर्ष. सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेले कंद, सुरू झालेत आणि मी डावीकडूनच चावते आहे. पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला एक्स-रे आहे, हाडाने स्क्रू धरलाय का ते बघायला. धरला असेल तर माप घेतील, नसेल तर कवळी डबीत आहेच.