जुन्या फर्निचरला घरी रंग दिल्यानंतरचे दहा महिने : नाशिकमधील अनुभव

गेल्या फेब्रुवारीत आम्ही इंदिरानगरमधल्या आमच्या घरासाठी घेतलेल्या तीन जुन्या वस्तूंना घरीच रंग दिला. आता डिसेंबर सुरू आहे. मधल्या काळात या वस्तूंनी नाशिकचा कोरडा उन्हाळा, चार महिन्यांचा पावसाळा आणि आता पडू लागलेली थंडी असे तिन्ही ऋतू पाहिले आहेत. काम सुरू करण्यापूर्वी मी अशा रंगकामाचे पुष्कळ अनुभव वाचले होते, परंतु त्यांतील बहुतेक रंग वाळताच लिहिलेले होते. त्या सुमारास आमच्याही तिन्ही वस्तू सारख्याच सुंदर दिसत होत्या. कोणते काम टिकणार आणि कोणते पुन्हा करावे लागणार, हे आम्हाला जुलैमध्ये समजले, म्हणून हा अनुभव इतक्या उशिरा लिहीत आहे.

पहिली वस्तू म्हणजे दोन दारांचे आणि खाली दोन खण असलेले सागवानी कपाट. जुन्या नाशिकमधला एक वाडा उतरवताना ते निघाले होते आणि जुन्या सामानाच्या दुकानातून आम्हाला साडेसहा हजार रुपयांना मिळाले. दुसरे, मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेले सनमायका लावलेले प्लायवूडचे टेबल, किंमत बाराशे रुपये. तिसऱ्या, चार लाकडी खुर्च्या, ज्यांच्यावर कधीकाळी आकाशी तैलरंगाचे दोन-तीन हात दिलेले होते. त्या दोन हजारांना मिळाल्या.

कपाटाला रंग देण्यास माझ्या सासूबाईंचा सुरुवातीला विरोध होता. “सागवानाला रंग फासू नये गं, त्याचे रेघांचे अंग दिसले पाहिजे,” असे त्या म्हणाल्या आणि त्यांचे म्हणणे मला आजही पटते. अखंड सागवानाची, पूर्वी कधीही रंग न लागलेली वस्तू हाती आली तर ती स्वच्छ करून तिला पॉलिशच करावे. आमच्या कपाटाची गोष्ट मात्र वेगळी होती. त्याचे डावे दार केव्हातरी बदललेले होते आणि तिथे आंब्याच्या लाकडाच्या फळ्या बसवल्या होत्या. त्या फळ्यांना किडीने बारीक भोके पाडली होती आणि बाकीच्या भागावर लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडले होते. सागवानातील टॅनिन (लाकडातले नैसर्गिक तुरट द्रव्य) आणि लोखंडाचा गंज यांचा ओलाव्यात संयोग झाला की असे डाग पडतात आणि पॉलिशखाली ते अधिकच उठून दिसतात. दोन जातींचे लाकूड एका रंगात आणण्यासाठी रंग हाच उपाय होता, हे दार जवळून पाहिल्यावर सासूबाईंनीही मान्य केले.

खुर्च्यांपासून सुरुवात केली आणि तिथे एक गोष्ट सर्वांत आधी सांगणे मला आवश्यक वाटते. घरगुती रंगांमध्ये शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांमध्ये, शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या शरीरात शिसे गेल्यास त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आमची मुलगी सहावीत आहे. त्यामुळे आम्ही खुर्च्या गच्चीवर नेल्या, खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क बांधला आणि वॉटरपेपर (ओला करून वापरायचा घासकागद) पाण्यात बुडवून ओलेच घासले. निघालेला लगदा जुन्या फडक्यांनी टिपून पिशवीत बांधला. तो मोरीत सोडला नाही. या कामाला चार खुर्च्यांसाठी तीन सुट्टीचे दिवस गेले. सबंध रंग काढण्याची गरज नव्हती. जिथे पोपडे सुटत होते तिथे लाकडापर्यंत गेलो आणि जिथे जुना रंग घट्ट होता तिथे फक्त त्याची चकाकी मोडली, कारण गुळगुळीत चकाकीवर नवा हात धरत नाही.

घासल्यानंतर फटींत लांबी (पुट्टी) भरली, अस्तराचा म्हणजे प्रायमरचा एक हात दिला, ३२० नंबरच्या बारीक घासकागदाने हलके घासले आणि गडद हिरव्या तैलरंगाचे दोन पातळ हात दिले. तैलरंगाचा वास पंधरा दिवस गेला नाही, तेवढे दिवस खुर्च्या गच्चीवरच्या जिन्यात ठेवाव्या लागल्या. मात्र दहा महिन्यांच्या रोजच्या ओढाताणीनंतर या चार खुर्च्यांची स्थिती तिन्ही वस्तूंमध्ये सर्वांत उत्तम आहे. पायांच्या टोकांशी फरशीला घासून थोडा रंग गेला आहे, बाकी कुठेही टवका उडालेला नाही. ओल्या फडक्याने पुसल्या की त्या पुन्हा पहिल्यासारख्या दिसतात.

कपाटाने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. डाव्या दाराच्या भोकांत कीडनाशक सोडून आठ दिवस दार वेगळे ठेवले. नंतर भोकांतून किडीची भुकटी पडणे थांबले आणि आजतागायत ती पुन्हा दिसलेली नाही. घासणे, लांबी भरणे ही कामे करून आम्ही पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या प्रायमरचा हात दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर उजव्या दारावर चहा सांडल्यासारखे पिवळट तपकिरी डाग उमटले होते. दुसरा हात दिला, तरी डाग पुन्हा वर आले. सागवानात नैसर्गिक तेल आणि रंगद्रव्ये असतात. पाण्याच्या प्रायमरमधील पाणी ती विरघळवून पृष्ठभागावर आणते, त्यामुळे पाण्याच्या रंगाचे कितीही हात दिले तरी डाग झाकले जात नाहीत. आंब्याच्या फळ्यांवर एकही डाग नव्हता, यावरून कारण स्पष्ट झाले.

यावरचा उपाय आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी सांगितला आणि तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला आहे. “ताई, आधी लाखेचा हात मारा, मग वर काय हवे ते लावा,” एवढेच ते म्हणाले. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हे द्रावण करतात. आम्ही एक लिटर स्पिरिटला सुमारे २०० ग्रॅम लाख घेतली, काचेच्या बरणीत दोन दिवस अधूनमधून हलवत ठेवली आणि नंतर दोन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळ द्रावण तेवढे ओतून घेतले. तळाशी बसणारा गढूळ भाग लाखेतले मेण असते आणि ते राहिले तर वरचा पाण्याचा रंग नीट धरत नाही. डाग असलेला प्रायमर घासून काढला, लाकूड स्पिरिटच्या फडक्याने पुसून त्याचे तेल उतरवले, लाखेचे दोन हात दिले, ते हलके घासले आणि मग प्रायमर लावला. यानंतर एकही डाग वर आला नाही. दहा महिन्यांनंतर आज उजेडात तिरके पाहिले तरी उजव्या आणि डाव्या दारांत फरक ओळखता येत नाही. स्पिरिट पटकन पेट घेते, म्हणून हे काम गॅसपासून दूर आणि खिडक्या उघड्या ठेवून करावे.

बाहेरून पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचे (वाळल्यावर कडक होणाऱ्या रंगाचे) तीन हात दिले. छटा फिकट राखाडी निवडली. या रंगाला वास जवळजवळ नाही, ब्रश नुसत्या पाण्याने धुता येतो आणि रंग पिवळा पडत नाही. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहून पृष्ठभाग खरखरीत होतो, तो प्रत्येक हातानंतर ३२० नंबरच्या कागदाने घासावा लागतो. हे टाळले तर बोटांना कायम खरखर लागत राहते. पितळी कड्या चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवून घासल्या आणि परत बसवल्या. त्या नव्या कड्यांपेक्षा कितीतरी शोभून दिसतात.

चूक झाली ती खणांमध्ये. हौसेने आम्ही खणांच्या बाजूंना आणि वरच्या कडांनाही रंग दिला. मार्च ते मे खण सुरळीत सरकत होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची झड लागली आणि खालचा खण अडकला तो इतका, की जोर लावून ओढताना कडेचा रंग पट्टीसारखा सोलून निघाला. लाकूड ओलाव्याने लांबीत फारसे वाढत नाही, परंतु रुंदीत फुगते. वाड्याच्या काळात सुताराने त्यासाठी ठेवलेली बारीक फट आम्ही रंगाच्या हातांनी भरून टाकली होती. त्यातच पाण्याच्या इनॅमलचा आणखी एक स्वभाव लक्षात आला. तो तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पूर्ण कडक होण्यास त्याला तीन ते चार आठवडे लागतात, आणि त्यानंतरही दमट हवेत रंगवलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून राहिले तर ते किंचित चिकटतात. दारांच्या मधल्या कडांनाही पावसाळाभर उघडताना चिकट आवाज येत असे. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर आम्ही खणांच्या बाजूंचा रंग पूर्ण घासून काढला आणि उघड्या लाकडावर साधी मेणबत्ती चोळली. आता खण एका बोटाने सरकतात. जिथे लाकूड लाकडावर घासते, त्या जागा रंगाविनाच ठेवाव्यात, हे मी आग्रहाने सांगेन.

कपाटाच्या आतील भागाला मात्र आम्ही पांढरा तैलरंग लावला आणि त्याचा मला खरोखर पश्चात्ताप होतो. बंद दारांआड तो वास मेपर्यंत रेंगाळला, कपड्यांना लागला, आणि उजेड न मिळाल्यामुळे पांढरा रंग आता हस्तिदंती पिवळा झाला आहे. तैलरंग अंधारात पिवळा पडतो, हे मला आधी माहीत असते तर आत केवळ लाखेचा एक हात देऊन थांबले असते. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवल्याने ऑगस्टमध्ये मागच्या फळ्यांवर करडी बुरशीही आली होती. ती पुसून कपाट भिंतीपासून चार इंच पुढे घेतले, तेव्हापासून त्रास नाही.

आता टेबलाविषयी. सनमायकावर रंग बसतो, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते आणि तो बसतोही. आम्ही साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढला, १८० नंबरच्या कागदाने सगळी चकाकी घालवली, गुळगुळीत पृष्ठभागासाठी मिळणारा खास प्रायमर लावला आणि वर कपाटाचाच रंग दिला. मुलीची परीक्षा जवळ आल्यामुळे टेबल अवघ्या दहा दिवसांत वापरात घेतले, ही आमची घाई झाली. तिसऱ्याच दिवशी गरम दुधाच्या पेल्याचे गोल वळ उमटले. एप्रिलमध्ये तिने वेळापत्रकाचा कागद चिकटपट्टीने लावला होता, तो काढताना पट्टीबरोबर रंगाची पापडी आली. पुढच्या कडेला, जिथे मनगटे टेकतात तिथे, सप्टेंबरपर्यंत जुनी सनमायका दिसू लागली. टेबलाच्या पायांवर आणि बाजूच्या फळ्यांवर मात्र तोच रंग आजही अखंड आहे. म्हणजे सनमायकाचा उभा भाग रंगवण्यास माझी हरकत नाही; ज्या पृष्ठभागावर रोज हात, वही आणि गरम भांडे येते, तिथे रंगावर भिस्त ठेवू नये. जुनी सनमायका काढून नवी बसवणे महाग पडले तरी तेच करावे.

खर्चाचा हिशोब सांगायचा तर रंग, प्रायमर, लाख, स्पिरिट, कागद, ब्रश, लांबी असे सर्व मिळून आमचे सुमारे ४,३०० रुपये झाले. वस्तूंची किंमत धरून १४,००० रुपयांत कपाट, टेबल आणि चार खुर्च्या उभ्या राहिल्या. श्रम मात्र त्यात धरलेले नाहीत. दोघांनी मिळून पाच शनिवार-रविवार दिले, त्यांपैकी जेमतेम दोन प्रत्यक्ष रंग लावण्यात गेले आणि उरलेले घासण्यात, पुसण्यात आणि वाळण्याची वाट पाहण्यात. ज्यांच्याकडे मोकळी गच्ची किंवा अंगण नाही, त्यांनी तैलरंगाचे काम घरात करू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आमच्याकडे हे काम करण्यास जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा आहे. हवा कोरडी असते, रात्रीची थंडी ओसरू लागलेली असते आणि पावसाळ्यापूर्वी रंगाला कडक होण्यासाठी भरपूर दिवस मिळतात. एप्रिल-मेच्या दुपारी मी एकदा खुर्चीच्या पाठीला डागडुजीचा हात दिला, तर ब्रश फिरवतानाच रंग वाळू लागला आणि ब्रशाच्या रेघा तशाच राहिल्या. तो भाग पुन्हा घासावा लागला.

येत्या फेब्रुवारीत कपाटाच्या आतला तैलरंग काढून लाखेचा हात देण्याचे ठरवले आहे. टेबलाच्या वरच्या फळीचे माप सुतारकाकांनी गेल्या रविवारी घेतले. त्यावर ते नवी सनमायका बसवून देणार आहेत आणि पायांचा राखाडी रंग तसाच ठेवणार आहेत. सासूबाईंनी हिरव्या खुर्च्यांपैकी एक आपल्या देवघरासमोर नेऊन ठेवली आहे आणि रोज सकाळी त्या तिथेच बसून पोथी वाचतात.