कोओबाइ: जपानी जप्तीच्या मालाचा ऑनलाइन लिलाव, काही महिने वापरल्यावर

कर थकवणाऱ्यांकडून जप्त केलेला माल पालिका वगैरे लिलावात विकतात, तो कोओबाइ. आधी तक्रार. लिलाव संपला, सर्वात वरची बोली आपली, आणि आपण पैसे भरायच्या आत थकबाकीदाराने कर भरून टाकला, की विक्री रद्द. जपानच्या राष्ट्रीय करवसुली कायद्याचं कलम ११७ तसंच सांगतं आणि पालिकांच्या वसुलीलाही ते लागू आहे. अनामत परत मिळते, पण कार्डावर परत यायला वेळ लागतो. तोवर दुसरं सामान हातचं गेलेलं असतं. उपाय एकच: पालिकेची मेल आली की त्याच दिवशी बँकेतून पैसे पाठवा. मुदत आहे म्हणून थांबू नका. पैसे पोचले की मग थकबाकीदाराने कर भरला तरी विक्री रद्द होत नाही.

२००४ मध्ये टोकियो महानगर प्रशासनाने याहूवर हे सुरू केलं, २०२१ पासून केएसआय या कंपनीकडे आहे. साइटबद्दल फारशी तक्रार नाही. फक्त अर्ज आणि अनामत आधी, बोली नंतर. शेवटच्या घटकेला घुसता येत नाही. लावलेली बोली मागेही घेता येत नाही. जिंकून पैसे न भरल्यास अनामत जप्त होते आणि ती थकबाकीदाराच्याच करात वळती होते. म्हणजे ओळख ना पाळख, त्याचा कर आपण भरायचा!

कलम ११७ चा राग मात्र आता ओसरलाय. जप्ती कर वसूल करायला असते, आपल्याला स्वस्तात घड्याळ द्यायला नव्हे. तसंही स्वस्ताई फुकट नाही. किमान किंमत ठरवताना लिलावाच्या अडचणी धरून साधारण ३०% पर्यंत कपात करतात, त्या बदल्यात दोषाची हमी नाही, माल परत नाही. फोटोत घड्याळाच्या पट्ट्याची आतली बाजू दिसत नसेल, तर ती झिजलेलीच धरून बोली लावावी.

वरचा खर्चही मोजा. ट्रान्सफरचं शुल्क आपलं, कुरिअर बहुधा च्याकुबाराई, म्हणजे भाडं दारात आपणच द्यायचं. जड फर्निचर लांबच्या गावाहून आणायचं, तर भाडंच बोलीच्या वर जातं.

गाडी घेणार असाल तर शितामिकाइला, म्हणजे माल दाखवायच्या दिवशी, जाच. चाकाला टाळं लावून महिनोन्‌महिने उभी असल्याने बॅटरी बहुतेक मेलेली. शाकेनची, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीची, मुदत संपलेली असेल तर ती रस्त्यावर चालवता येत नाही. तात्पुरता नंबर आणि सक्तीचा विमा काढा, नाहीतर ट्रकवर घालून न्या. गाडी नावावर करायला लागणाऱ्या पार्किंगच्या दाखल्याला पोलिसांकडे काही दिवस जातात, म्हणून जागा आधी बघून ठेवा. टोइंगवाल्याकडून दरही बोलीपूर्वीच घ्यावा.