सात महिने वापरलेला गाडीच्या बॅटरीचा चार्जर: व्होल्टेज बरोबर, वायर आखूड

हा घ्यावा लागला तो जुन्या चार्जरमुळे. ट्रान्सफॉर्मरचा, वजनदार, ऑटो कटऑफ नाही, म्हणजे बॅटरी भरली तरी आपोआप थांबत नाही. पाणी टाकायच्या बॅटऱ्या त्याने वर्षानुवर्षं चार्ज केल्या. मग नवा कशाला, म्हणून तोच सीलबंद बॅटरीला लावून झोपलो. सकाळी कुजक्या अंड्यांचा वास, बॅटरीचा डबा दोन्ही बाजूंनी फुगलेला. मेन स्विच बाहेरूनच पाडला, दारं-खिडक्या उघडल्या आणि संध्याकाळपर्यंत क्लिपांना हात लावला नाही. जास्त चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के असला तरी एक ठिणगी पुरते.

तेव्हा मी बॅटरीलाच शिव्या घातल्या होत्या. त्या परत घेतो. नंतर जुन्या चार्जरवर मल्टिमीटर लावला तर १६ व्होल्ट ओलांडून आकडा चढतच होता. सीलबंद बॅटरीत तयार होणाऱ्या हायड्रोजन-ऑक्सिजनचं बरंचसं आतल्या आत परत पाणी होतं. पण इतक्या व्होल्टेजला ते जमत नाही. व्हॉल्व्ह उघडतो, गॅस बाहेर, आणि गेलेलं पाणी आपल्याला परत भरता येत नाही. त्यात बॅटरी तापली की जास्त करंट ओढते, म्हणून आणखी तापते. सीलबंद म्हणजे गॅस होत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो!

नवा १४.५ व्होल्टपर्यंत चढतो, करंट उतरला की १३.६ वर येऊन थांबतो. बॅटरी भरल्याचं सांगणाऱ्या हिरव्या दिव्यावर विश्वास नव्हता, म्हणून दोन महिने दर वेळी मीटरने तपासलं. तक्रार नाही. रिकंडिशन मोडला (थकलेल्या बॅटरीत जीव आणायचा मोड) मात्र जाऊ नका, तो व्होल्टेज पार वर नेतो, सीलबंद बॅटरीसाठी नाही. बटण एकदा जास्त दाबलं गेलं की नेमका तोच लागतो.

पण वायर! क्लिपांची वायर हातभरसुद्धा नाही. म्हणजे चार्जर ठेवायला सोयीची जागा एकच, बॅटरीच्या डोक्यावर, जिथे व्हॉल्व्ह असतात. मी शेजारी स्टूल ठेवतो, तरी वायर ताणलेलीच. कुणाचा पाय अडकला तर चालू चार्जिंगमध्ये क्लिप निसटून ठिणगी पडणार. दोन हात वायर जास्त दिली असती तर काय बुडणार होतं?

ताजा कलम: वीज जाऊन आली की हा मोटारसायकलच्या मोडवर येतो. आधी चिडलो होतो, कारच्या बॅटरीला त्याने फार वेळ लागतो. आता पटतं, कमी करंटवर परतलेलंच बरं.

वायरबद्दल कंपनीला दोनदा लिहिलं. उत्तरात मॅन्युअल आलं. त्यातल्या चित्रात चार्जर बॅटरीपासून चांगला लांब ठेवलाय.